बोटे प्रेसने खाल्ली, आणि व्यवस्थापन म्हणे ‘स्व’चे!

मागच्या महिन्यात आपल्याच दोन-तीन तरुण कार्यकर्त्यांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक पुस्तिका पाठवली. विषय : गंभीर दुखापतीनंतरचे स्व-व्यवस्थापन. मशीनमध्ये हात गेला, गाडीखाली पाय आला, हाड मोडले, नस तुटली, प्रसंगी अवयव कापावाच लागला, अशा माणसाने दवाखान्यातून घरी आल्यावर स्वतःला कसे सावरायचे याचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम. मूळ अमेरिकेतला, मराठीत उतरवलेला, एका कंपनीच्या सीएसआर निधीतून छापलेला. पोरांचे म्हणणे होते की हा अभ्यासक्रम आपण दर रविवारी विहारात घेऊ. मी म्हणालो, आहे तसा घ्यायचा नाही. त्यावर एकजण चिडून म्हणाला, “दादा, तुम्ही प्लॅस्टरमध्येसुद्धा राजकारण शोधता.”

शोधतो. कारण ते तिथे असते. त्या पोरांना उत्तर द्यायचे म्हणून हे लिहितो आहे. पोरे आपलीच आहेत, हेतू चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुस्तिका मी दोनदा वाचली. आधी तिच्या बाजूने जे आहे ते मान्य करतो. सूज उतरावी म्हणून हात छातीच्या वर ठेवा, प्लॅस्टरबाहेरची बोटे दर तासाला हलवा, खांदा आणि कोपर जखडू देऊ नका. रोजच्या दुखण्याची वही ठेवा. आठवड्याला एकच छोटे ध्येय ठरवा. तंबाखू-सिगारेट सोडा, हाड जुळायला त्याने उशीर होतो. घरच्यांशी बोला, रात्री झोप लागत नसेल तर ते लपवू नका. यात खोटे काही नाही. आपल्या लोकांना दवाखान्यात हे कुणी सांगत नाही. ओपीडीत दोनशे माणसांची रांग असते. डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरतो, “व्यायाम करा” म्हणतो आणि पुढच्याला हाक मारतो. कोणता व्यायाम, किती वेळा, दुखले तर थांबायचे की करत राहायचे, काही नाही. मग माणूस घाबरून हात गळ्यात बांधून ठेवतो आणि दोन महिन्यांनी प्लॅस्टर निघते तेव्हा मूठच वळत नाही. निव्वळ माहिती नसल्याने कायमचे अपंग झालेले लोक मी पाहिलेत. तेव्हा पुस्तिका फाडून टाका असे मी म्हणत नाही.

बत्तीस पानांत ‘मालक’ हा शब्द एकदाही येत नाही, हे माझे म्हणणे आहे. ‘नुकसानभरपाई’ येत नाही. ‘ठेकेदार’ येत नाही. ‘कामावर परत जाताना’ असे एक पान आहे, त्यात लिहिलेय की आपल्या एचआरशी मोकळेपणाने संवाद साधा. वाचून मला हसूही आले आणि संतापही आला. आमच्या वस्तीतल्या पोराला एचआर माहीत नाही. त्याला ठेकेदाराचा नंबर माहीत आहे आणि तो नंबर अपघाताच्या तिसऱ्या दिवसापासून बंद आहे.

हे पोर कोण ते सांगतो. नाव सांगत नाही, प्रकरण चालू आहे. वय चोवीस. बाप गेलेला, आई धुणीभांडी करते. बारावीनंतर गाव सोडून पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात आला. मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्याला सुटे भाग पुरवणारे आठ माणसांचे वर्कशॉप, तिथे पॉवर प्रेसवर. महिना बारा हजार. प्रेसला दोन बटणे असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय ठोका पडू नये म्हणून. म्हणजे ठोका पडताना दोन्ही हात बटणांवर, साच्याच्या बाहेर. पण दोन बटणांनी माल कमी निघतो. म्हणून एक बटण कायमचे दाबून बसवले होते. रात्रपाळीत उजव्या हाताची तीन बोटे गेली. करंगळी आणि अंगठा राहिला.

त्याला दवाखान्यात नेले ते सुपरवायझरने. केस पेपरवर लिहिले गेले : घरी पडून लागले. पोर ग्लानीत होते. दुसऱ्या दिवशी दोन कागदांवर डाव्या हाताचा अंगठा घेतला, वीस हजार आईच्या हातात ठेवले आणि विषय संपला.

आता माझी चूक सांगतो, कारण या लेखाचा निम्मा राग माझ्यावरच आहे. मी त्याला भेटायला गेलो तो पंधराव्या दिवशी. मी काय केले? त्याला बाबासाहेबांच्या जिद्दीच्या गोष्टी सांगितल्या. अठरा-अठरा तास अभ्यास, उपाशीपोटी वाचन, किती हालअपेष्टा, तरी हटले नाहीत, तू तीन बोटांनी काय खचतोस? पोराने मान हलवली. पुढे काही महिन्यांनी ही पुस्तिका त्याच्या हातात पडली आणि त्याने ती प्रामाणिकपणे पाळलीसुद्धा. वही ठेवली. डाव्या हाताने लिहायला शिकला. बोटांच्या खुंटांवर आधी मऊ आणि मग जाडभरड कापड रोज घासायचा, कारण नुसता वारा लागला तरी झिणझिण्या यायच्या. चौदा महिने गेले. एक दिवस मला म्हणाला, “दादा, सगळं करतोय, पण आतून काही उठत नाही. माझंच चुकलं ना. झोप आली होती मला.”

चौदा महिन्यांत आमच्यापैकी एकानेही त्याला विचारले नव्हते की बटण कुणी बसवले होते.

भावांनो, १९२३ चा कायदा होता, २०२५ पर्यंत लागू असलेला. इंग्रजांच्या काळातला, पुढे कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झालेला. त्याच्या पहिल्या अनुसूचीत माणसाच्या शरीराचा दरफलक होता. खांद्यापासून हात गेला, कमावण्याची ताकद ९० टक्के गेली. मनगटापासून पंजा, ६० टक्के. एका हाताची चार बोटे, ५०. तीन बोटे, ३०. एकटा अंगठा, ३०. तर्जनी १४, मधले बोट १२. वाचताना अंगावर काटा येतो, पण निदान दर तरी लिहिलेला आहे. एकलव्याच्या अंगठ्याला तर तोही नव्हता, उलट दक्षिणा म्हणून घेतला आणि हजारो वर्षे त्याच्या गुरुभक्तीचे गोडवे गायले. हीच यादी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे.

हिशेब करू. बारा हजारांचे साठ टक्के, सात हजार दोनशे. चोवीस वर्षांच्या माणसाचा गुणक कायद्यात छापलेला आहे, २१८.४७. गुणाकार केला की पंधरा लाख बहात्तर हजार नऊशे चौऱ्याऐंशी. त्याचे ३० टक्के, म्हणजे चार लाख एकाहत्तर हजार आठशे पंचाण्णव रुपये. हा त्याचा हक्क. हातात आले वीस हजार. आणि त्या दोन कागदांवरचा अंगठा? हक्क सोडून दिल्याचा असला कोणताही करार त्याच कायद्याच्या कलम १७ ने रद्दबातल ठरतो. ‘माझंच चुकलं’ हेही कायदा विचारत नाही. कामगाराला डुलकी लागली, लक्ष नव्हते, एवढ्याने मालकाची जबाबदारी संपत नाही. दारू पिऊन असेल, किंवा सुरक्षेचे साधन त्याने स्वतः मुद्दाम काढले असेल, तर गोष्ट वेगळी. आणि तीही मृत्यू किंवा पूर्ण कायमचे अपंगत्व आले असेल तर चालत नाही. ठेकेदार पळाला तर मूळ मालकाला धरता येते. पण त्या कायद्यात अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागे. आमच्या पोराचे त्यातले चौदा महिने जिद्दीत गेले.

(दहा किंवा त्याहून जास्त माणसांचा कारखाना आणि पगार एकवीस हजारांच्या आत असेल तर वाट ईएसआयची आहे, तिथे कामावर येता येत नाही तोपर्यंत पगाराच्या ९० टक्क्यांच्या आसपास मिळते आणि कायमचे नुकसान मेडिकल बोर्ड ठरवते. सेफ इन इंडिया नावाची संस्था २०१९ पासून वाहन उद्योगातल्या अशा हातांवर ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. त्यात पुन्हा पुन्हा तेच दिसते : पॉवर प्रेस, सेन्सर नाही, आणि पहिल्या दिवशी मिळायला हवे ते ईएसआयचे कार्ड अपघात झाल्यावर घाईघाईने काढलेले.)

आता अमेरिकेकडे येतो. पोरांचे दुसरे म्हणणे असे की, दादा, हे शास्त्रीय आहे. ठीक आहे. मग शास्त्र नीट वाचू.

अशा कार्यक्रमांमागे जे संशोधन उभे आहे त्यातले सर्वांत गाजलेले म्हणजे ‘लीप’ अभ्यास. अमेरिकेतली आठ अव्वल दर्जाची ट्रॉमा केंद्रे, पाय जवळजवळ तुटलेले ५६९ रुग्ण, निष्कर्ष २००२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये. प्रश्न होता, असा पाय वाचवायचा की कापायचा? दोन वर्षांनी दोन्ही गटांची अवस्था जवळपास सारखीच निघाली. कापलेल्यांपैकी ५३ टक्के कामावर परतले होते, वाचवलेल्यांपैकी ४९.४ टक्के. सर्जनची करामत इतका फरक पाडत नसेल, तर फरक कशाने पडतो? त्यांनी शोधले. कोण जास्त काळ अपंग राहतो? मोठी गुंतागुंत होऊन परत भरती व्हावे लागलेला. कमी शिकलेला. गोरा नसलेला. गरीब. ज्याच्याकडे खासगी विमा नाही. ज्याच्या पाठीशी माणसे नाहीत. ज्याचा स्वतःवर भरवसा कमी आहे. सिगारेट ओढणारा. आणि भरपाईच्या कोर्टकज्ज्यात अडकलेला.

ही यादी पुन्हा वाचा. सावकाश वाचा. मोडलेल्या नडगीला कातडीचा रंग कळत नाही. हाडाला शाळेचा दाखला लागत नाही. तरी काळ्या माणसाचे, गरीब माणसाचे, न शिकलेल्या माणसाचे हाड मोडले की त्याचे आयुष्य जास्त मोडते. ‘गोरा नसणे’ या जागी आपल्याकडे काय लिहायचे, हे तुम्हाला सांगायला हवे का?

त्या यादीत बहुतेक गोष्टी समाजाच्या आहेत. वंश, गरिबी, शिक्षण, विमा. एक-दोन गोष्टी माणसाच्या डोक्यातल्या आहेत. आणि अभ्यासक्रम कशाचा तयार झाला? डोक्यातल्या गोष्टीचा. संशोधकांना मी शिव्या घालत नाही. दवाखान्यात बसून गरिबी हटवता येत नाही, जे हाताशी होते ते त्यांनी केले. त्याचा उपयोगही झाला : अवयव गमावलेल्यांच्या गटांवर तिथे झालेल्या एका चाचणीत, २००९ साली, असा स्व-व्यवस्थापनाचा वर्ग केलेले लोक साध्या आधारगटातल्या लोकांपेक्षा कमी खचलेले आणि जास्त हालते-चालते निघाले. पण तिथून निघालेली वस्तू सीएसआरच्या टेबलावरून आपल्या विहारात पोहोचेपर्यंत तिचे काय झाले बघा. यादी गळाली, भरवसा उरला. आणि छापायचा खर्च त्याच उद्योगाने केला ज्याच्या साखळीच्या शेवटच्या कडीला आमच्या पोराची बोटे अडकली. अशी पुस्तिका छापणे प्रेसला सेन्सर बसवण्यापेक्षा नक्कीच स्वस्त पडत असणार.

हा ‘स्वतःवरचा भरवसा’ कुठून आला तेही सांगतो. अल्बर्ट बँड्युरा नावाचा मानसशास्त्रज्ञ, १९७७ चा त्याचा सिद्धांत. त्याच्यावर पाय ठेवून स्टॅनफर्डमध्ये केट लॉरिगने सांधेदुखीच्या रुग्णांचे वर्ग सुरू केले. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली : वर्ग घेणारे डॉक्टर नव्हते, तोच आजार असलेली साधी माणसे होती. बँड्युरा सांगतो की भरवसा चार वाटांनी येतो. स्वतः काही करून दाखवल्याने. आपल्यासारख्याच दुसऱ्याला करताना पाहिल्याने. कुणी धीर दिल्याने. आणि शरीर-मन जरा शांत झाल्याने. यात सर्वांत पक्की वाट पहिली. नुसत्या शब्दांनी दिलेला धीर लवकर विरतो. म्हणजे मी त्या पोराच्या खाटेशेजारी बसून जे केले ते बँड्युराच्या हिशेबानेही कच्चेच होते. याच बँड्युराने पुढे सामूहिक क्षमतेवर लिहिले : एकत्र मिळून आपण बदल घडवू शकतो हा लोकांचा विश्वास. ते पान पुस्तिकेत का नाही?

आणि एक विचारतो. ज्याची तीन बोटे गेली, ज्याच्या केस पेपरवर खोटे लिहिले गेले, ज्याला वीस हजारांत गप्प केले, रेशनच्या मशीनवर ज्याचे बोट उमटत नाही, त्याला ‘आपल्याने काही होणार नाही’ असे वाटत असेल तर तो त्याचा मानसिक दोष आहे की परिस्थितीचा बिनचूक अंदाज? त्याचा अंदाज चुकवायचा असेल तर परिस्थितीत एक तरी गोष्ट त्याच्या हाताने बदलली पाहिजे. त्या दिवशी आम्ही दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात गेलो. केस पेपरची नक्कल मागितली. तीन चकरा झाल्या. चौथ्या वेळी पोरगा स्वतः खिडकीशी बोलला, लेखी अर्ज दिला, पोच घेतली. बाहेर येऊन त्याने ती पोच घडी न घालता हातात धरून ठेवली, बसमध्येसुद्धा. वहीतल्या चौदा महिन्यांत जे उठले नाही ते त्या खिडकीशी उठले. एका प्रसंगावरून मी सिद्धांत मांडत नाही. पण तुम्ही त्याचा चेहरा पाहायला हवा होता.

आता सर्वांत अवघड मुद्दा. यादीतली शेवटची गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल : भरपाईच्या कोर्टकज्ज्यात अडकलेले लोक कमी सावरतात. उद्या मालकाचा वकील हेच पुढे करील, आणि काही भले डॉक्टरही करतात : “केसबिस करू नको, त्यात मन अडकतं, बरा होणार नाहीस.” आकडा खरा आहे, मी तो लपवणार नाही. पण त्याचा अर्थ काय? ज्या व्यवस्थेत पैसे मिळवायला वर्षानुवर्षे तारखेला जाऊन ‘मी अजून अपंग आहे’ हे सिद्ध करावे लागते, तिथे माणूस अपंगत्वाला चिकटून राहील नाही तर काय? ज्याच्यावर दुसऱ्याच्या दोषाने संकट आले, तोच बहुधा कोर्टात जातो. त्याची जखमही वेगळी, चीडही वेगळी. आजार आहे तो लांबणाऱ्या तारखांचा. आपल्या कायद्यात भरपाई देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि वर ५० टक्क्यांपर्यंत दंड आहे. मालकाने महिन्यात पैसे दिले तर कोण कशाला कोर्टात जाईल? चोराला सोडून ज्याची चोरी झाली त्याला ‘पोलिसात जाऊ नको, बीपी वाढेल’ म्हणण्यातला हा प्रकार आहे.

प्रेसवर निदान वर्कशॉप तरी असते. ऊसतोडीचे काय? कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. फडात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडून एकाचा पाय मोडला की दोघांची कमाई थांबते, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल पुढच्या हंगामावर चढते. त्याला सांगा, सहा आठवडे पायावर भार देऊ नका. त्याच्या पालावर जाऊन सांगा. किंवा आमच्याच वस्तीत या. पाय वाचवून त्यात सळ्यांची रिंग बसवलेला माणूस सार्वजनिक शौचालयात उकिडवा कसा बसतो ते पुस्तिकेत नाही, कारण लिहिणाऱ्याला तो प्रश्न कधी पडलाच नाही. चालण्याचे ध्येय ठेवा म्हणे, बागेत दोन फेऱ्या. कोणत्या बागेत?

सरकारी नोकर असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने नोकरीत असताना आलेल्या अपंगत्वामुळे त्याला काढता येत नाही, पदही उतरवता येत नाही. हे संरक्षण खासगी मालकाला लागू नाही. आणि आपली पोरे कुठे कामाला आहेत? सरकारी जागा कंत्राटावर गेल्या तेव्हा आरक्षणाबरोबर हेही गेले, याची चर्चा मी आपल्या एकाही व्यासपीठावर ऐकलेली नाही. यात मीही आलो.

आणि म्हणून आपल्या व्यासपीठांबद्दलही बोलतो. गेल्या काही वर्षांत जयंतीला प्रबोधनाच्या जागी मोटिव्हेशन आले आहे. कोट घातलेला वक्ता येतो आणि बाबासाहेबांना यशाचे सूत्र करून विकतो : परिस्थितीला दोष देऊ नका, स्वतःला बदला. हे सीएसआरच्या पुस्तिकेचेच भाषण झाले, फक्त निळ्या पडद्यासमोर. अरे, बाबासाहेबांची जिद्द खरीच. पण कोलंबियाला जायला सयाजीरावांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती लागली, तीन वर्षांची. पुढे शाहू महाराजांचा हात लागला. रमाईने काय सोसले ते तुम्हाला माहीत आहे. ज्याला हे मिळाले त्याने पुढे काय केले? ‘मी जमवले, तुम्हीही जमवा’ असे सांगत तो फिरला नाही. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्याने ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू दाखवले. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात तो मजूरमंत्री होता, आणि त्याच काळात कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम अडारकरांकडे दिले गेले. १९४४ ला तो अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. कारखान्यात हात तुटला तर तो कामगाराच्या नशिबाचा भाग नाही, उद्योगाचा खर्च आहे, आणि तो उद्योगाने भरला पाहिजे, ही त्यामागची साधी गोष्ट. जिद्दीला साडेअकरा पौंड लागतात हे ज्याला स्वतःच्या पोटावरून कळले होते, त्या माणसाचे नाव घेऊन आपण तीन बोटे गेलेल्या पोराला म्हणतो, खचू नकोस!

बुद्धाने स्वतःवर विसंबायला सांगितले, हेही एका कार्यकर्त्याने मला ऐकवले. सांगितले ना. आणि ज्यांना सांगितले त्यांचा संघही बांधला. दोन्ही एकाच माणसाने केले.

तर वर्ग घ्यायचा. मी नाही म्हणत नाही. फक्त अभ्यासक्रम आपला असेल. पहिल्या रविवारी व्यायामाच्या आधी केस पेपर. जखमी माणसाला दवाखान्यात नेताना घरचे किंवा वस्तीतले एक माणूस सोबत हवेच, आणि ‘कसे लागले’ या रकान्यात ‘कामावर असताना, अमुक मशीनवर’ हे शब्द पडल्याशिवाय तिथून हलायचे नाही. पोलिसांकडे जाणारी एमएलसी नोंद झाली की नाही ते विचारायचे. कोऱ्या कागदावर अंगठा नाही. पगार रोख असेल तर मोबाइलवरचे मेसेज, हजेरीचा फोटो, सोबतच्या कामगाराचे नाव, जे असेल ते जपायचे. मग सूज, मग मूठ, मग झोप. जखमेची वही आणि तारखांची वही एकच. वकील आपल्यातलेच दोघे तयार आहेत. फिजिओथेरपीचे शेवटचे वर्ष शिकणारी आपली एक मुलगी येते आहे, तिला आधी उकिडवे बसण्याचा प्रश्न सोडवायला दिलाय. मुंबईकडच्यांना हाजी अलीजवळची १९५५ पासूनची सरकारी पुनर्वसन संस्था माहीत असावी, तिकडे कृत्रिम अवयवासाठी कसे जायचे तेही सांगू.

वर्ग घेणार आहे तो आमचा चोवीस वर्षांचा पोरगाच. त्याला आता पंचविसावे लागले आहे. अर्ज मुदतीत दाखल झाला, समोरच्याने अजून उत्तर दिलेले नाही, पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. गेलेली बोटे अजून रात्री दुखतात म्हणतो. चेन्नईत वैद्यक शिकलेले मेंदूशास्त्रज्ञ रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात त्यावर आरशाचा उपाय काढला : चांगला हात आरशासमोर हलवायचा, मेंदूला वाटते गेलेलाच हालतोय, काहींचे दुखणे त्याने हलके होते. त्याने तो घरच्या आरशावर करून पाहिलाय, बाकीच्यांना दाखवणार आहे.

रविवारी सकाळी दहाला, विहाराच्या मागच्या खोलीत. येताना केस पेपरची झेरॉक्स, एक्स-रे, ठेकेदाराचा नंबर बंद असला तरी तो नंबर, आणि घरात दोन फुटी आरसा असेल तर तो. ज्याला चालता येत नाही त्याने फोन करावा, रिक्षा पाठवू.

जय भीम.